पूजेला मांडलेली तलवार

पोलिसाच्या नोकरीत मी दगड खाल्ले, विहिरीतून प्रेतं काढली, एकदा पेटलेल्या गंजीतून माणूस ओढून काढला. पण भीती कशी असते असं कुणी विचारलं, तर मला आठवतो तो एका घरात प्यालेला चहा. कप माझ्या हातात आहे, चहा आणून देणारी मुलगी समोर उभी आहे आणि ती दसऱ्यापर्यंत जिवंत राहील की नाही, हे मला माहीत नाही.

तेव्हा मी अंबड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जालन्यातून लोखंडी सळया भरून निघालेले ट्रक आडरस्त्याला घालून लुटणारी एक टोळी त्या भागात होती. एका ट्रकच्या चालकानं विरोध केला. त्याच्यावर तलवारीचा एकच वार झाला, खालून वर, काखेत. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता. क्लीनरनं पाहिले ते फक्त रुमाल बांधलेले चेहरे.

संशय एकाच घरावर होता. घरात कर्ता माणूस म्हणजे चुलता, आणि त्याच्या मेलेल्या भावाची बायको, मुलगा व मुलगी. चुलत्याचा शुभेच्छांचा फलक वेशीवर बारा महिने असे. एवढे वाढदिवस एका माणसाला कसे येतात, हे मला कधी कळलं नाही. पुतण्यानं तर स्वतःच्या वाढदिवसाला तलवारीनं केक कापला होता आणि ते चित्रण गावभर फिरलं होतं. आम्ही तलवार मागितली तेव्हा त्यानं चंदेरी रंग दिलेली लाकडी पट्टी हजर केली. "नाटकातली हाय साहेब," म्हणाला.

खुनानंतर त्याला चौकशीला बोलावलं. तो म्हणाला, त्या दिवशी आपण पाहुण्यांकडे जागरणाला होतो. पाहुण्यांचे जबाब घेतले. सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगितली, 'अमुक वाजता पुरणपोळी वाढली' इथपर्यंत. खरं बोलणारी माणसं आपसात भांडतात. एकाला पोळी आठवते, दुसऱ्याला भात. पण नुसत्या संशयावर न्यायालय चालत नाही. घराची झडती घेतली, काही मिळालं नाही. पुतण्या सुटला आणि जाताना मला रामराम करून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी त्याची बहीण ठाण्यात आली. कॉलेजात शिकणारी, अंगानं किरकोळ मुलगी. गावच्या शाळेच्या मैदानावर ती मुलींना लाठी, दांडपट्टा आणि तलवार शिकवत असे. दसऱ्याच्या मिरवणुकीत तिच्या पथकाची प्रात्यक्षिकं व्हायची, आणि शस्त्रं असल्यामुळे पोलिसांची परवानगी लागायची. त्या अर्जासाठी ती आली, असंच सगळ्यांना वाटलं. अर्ज देऊन झाला तरी ती उठेना. मी आमच्या महिला हवालदारांना आत बोलावलं आणि दार लोटलं.

"त्यो वार मी शिकवला," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"दादानं उन्हाळ्यात इचारलं होतं. म्हणे, खालून वर घेताना मनगट कसं फिरवायचं? मला वाटलं मिरवणुकीत करनार. बराबर येईपर्यंत मी त्याच्याकडून करून घेतलं. मंग पेपरात वाचलं, काखेत एकच वार." तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. "आमच्या पथकाबाहेर असा वार कुणी घेत न्हाई, सर."

"तलवार कुठं आहे?"

"माहीत न्हाई. मी घर पालथं घातलं. पण खंडेनवमीला ती घरी येनार."

"कशावरून?"

"चुलता त्या दिवशी एक बी हत्यार पूजेबिगर ठेवत न्हाई. कुर्‍हाड, कोयता, ट्रॅक्टरचा पाना, सगळं पाटावर मांडतो. मागं एक साल गुप्ती राहून गेली अन् त्याच साली त्याला अटक झाली. तवापासून लय भितो. अन् ज्या हत्यारानं काम केलं त्याचा पहिला मान."

मी नास्तिक माणूस आहे. कर्मकांडाची थट्टा करायची संधी सोडत नाही. पण त्या क्षणी कळलं, की जो माणूस कायद्याला भीत नाही तो कशाला तरी भीतच असतो, आणि ते कशाला हे समजलं की तपास निम्मा झाला.

तिला तिथूनच वसतिगृहात हलवावं असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. ती घरातून गेली तर तलवार घरी येणार नाही, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. शिवाय आई घरातच होती. मग एवढंच ठरलं, की ती रोज संध्याकाळी मैदानावर सराव घेईल आणि आमच्या हवालदारबाई रस्त्यावरून गाडी काढतील. ती दिसली म्हणजे ठीक.

एका संध्याकाळी ती दिसली नाही. मैदानावर मुली लाठ्या घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. हवालदारबाईंनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

घरात घुसलो असतो तर सगळं उघड झालं असतं. मिरवणुकीचा मार्ग पाहायचं निमित्त करून आम्ही दोघं त्या घरी गेलो. चुलत्यानं हात जोडून स्वागत केलं.

"या साहेब. मिरवणूक का? ती आमच्या दारात थांबल्याबिगर पुढं जात न्हाई." मग आत वळून ओरडला, "ए पोरी, साहेबांला चहा आण. फिका बिलकुल नको."

ती चहा घेऊन आली. डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं, हाताला काय झालं? विचारलं नसतं तर ते जास्त नजरेत भरलं असतं.

उत्तर चुलत्यानं दिलं. "गोठ्यात पडली. तलवारी फिरवायच्या म्हनते, अन् शेनावरून चालता येत न्हाई." तो मोठ्यानं हसला. दाराशी उभा असलेला तिचा भाऊ हसला नाही. तो तिच्या पाठीकडे पाहत होता.

"सर, आमच्या परवानगीचं काय झालं?" तिनं विचारलं.

"अजून हातात आलेली नाही."

"येऊ द्या मंग. आम्ही कार्यक्रम रद्द केलेला न्हाई." कप माझ्या हातात देताना बशी वाजली नाही. वाजली ती मी खाली ठेवताना.

जीपमध्ये हवालदारबाई म्हणाल्या, "सर, फडक्याच्या वर बोटांचे वळ होते. आत्ता उचलून आणू तिला."

"उचललं तर तलवार गेली."

"अन् न्हाई उचललं तर?"

पुढचे दिवस मी फोन वाजला की आधी डोळे मिटायचो, मग उचलायचो.

खंडेनवमीच्या सकाळी ठाण्यातही रायफली मांडून झेंडूच्या माळा आणलेल्या होत्या. एक शिपाई म्हणाला, "सर, आधी आपली पूजा उरकू का?" त्याला म्हणालो, आल्यावर. दोन पंच घेतले आणि निघालो.

गल्लीच्या तोंडाशी धुऊन, हार घालून ठेवलेला ट्रॅक्टर आडवा उभा होता. त्याच्यापुढे नारळ फोडणं चालू होतं. जीप अडली. कुणीतरी आरोळी दिली, "पोलीस आले रे!" आम्ही उतरून पळत सुटलो. समोरचं दार आतून बंद झालं होतं. मागच्या अंगणातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. मालिकांमध्ये तलवारी खणखणतात. खरा आवाज फुटक्या पातेल्यासारखा असतो, आणि तो ऐकून मी आणि हवालदारबाई मागच्या भिंतीकडे धावलो.

भिंतीवरून पाहिलं ते असं. पाटावरची हत्यारं विस्कटली होती. भाऊ पूजेतली तलवार उचलून मागच्या दारानं विहिरीकडे निघाला होता, आणि बहीण दार अडवून उभी होती. तिच्या हातात सरावाची बोथट तलवार होती. त्या पात्यानं कणीकसुद्धा कापली गेली नसती. भावाची तलवार धारदार होती. पात्यावर कुंकवाची बोटं ओढलेली होती.

आई पाटापाशी बसून ओरडत होती. मुलाला नाही, मुलीला. "ठेव गं ती खाली! भाऊ हाय तुझा!"

चुलता ओरडला, "बघत काय बसला? हान तिला!"

भावानं वार केला. त्याला धड एकच वार येत होता, आणि तो त्याला तिनंच शिकवला होता. त्याचा खांदा खाली गेला तेव्हाच ती बाजूला सरकली आणि तिनं आपली तलवार त्याच्या मुठीवर दाबली. तो तोल जाऊन पुढे आला. त्याची मान तिच्या टप्प्यात होती. तिनं हात उचलला नाही. तोवर हवालदारबाईंनी भिंतीवरून उडी टाकून त्याला खाली पाडलं होतं. मीही भिंत ओलांडली आणि समोरच्या दाराची कडी काढून बाकीच्यांना आत घेतलं.

मुलगी नंतरही दारातून हलेना. तलवार घट्ट धरलेली, दात वाजत होते. हवालदारबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

पातं त्यांनी दुधापाण्यानं धुतलं होतं. मुठीला गुंडाळलेलं कापड मात्र कुणी सोडलं नव्हतं. त्याखालचं रक्त चालकाचंच निघालं.

चुलता चौकशीत शेवटपर्यंत 'वरच्या ओळखी' सांगत राहिला. भावाला मी खुनाबद्दल काही विचारलं नाही. त्याला पाणी दिलं आणि विचारलं, तुला तलवार कुणी शिकवली? त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"साहेब, मी तिच्या टप्प्यात होतो," तो म्हणाला. "मारलं असतं तर कुणी काही म्हनलं नसतं. मारलं न्हाई तिनं." आणि मग त्यानं ट्रक कुठं अडवला इथपासून सगळं सांगितलं. बाकीचे साथीदार आणि लुटलेला माल त्यावरून मिळाला.

अंबडच्या न्यायालयात तिची साक्ष झाली. आई बाहेर चुलत्याच्या माणसांत बसली होती. मुलगी जवळून गेली तरी तिनं वर पाहिलं नाही. उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, "तुम्ही एवढ्या तलवारबाज, आणि म्हणता भीती वाटत होती?"

"चालवता येते म्हणून तर भीती वाटते," ती म्हणाली. "लागली म्हंजी काय होतं ते मला माहीत हाय."

चुलत्या-पुतण्या दोघांना शिक्षा झाली. तिनं जालन्यात मस्तगडला भाड्यानं खोली घेतली. तेवढ्यात एका मंडळाला तिचा सत्कार करायची हौस आली. फलकावर तिला घोड्यावर बसवलं होतं. ती आयुष्यात घोड्यावर बसलेली नव्हती. मंचावर तिला मानाची तलवार देणार होते. तिला राजी करायची जबाबदारी माझ्यावर टाकली गेली. हवालदारबाईंना घेऊन मी तिच्या खोलीवर गेलो.

"सर, तलवार नको," ती म्हणाली. "त्यांना देयाचंच असंल तर ह्या दाराला आतून जाड कडी बसवून द्या म्हनावं. ही एका स्क्रूवर हाय."

मी निरोप पोहोचवला. अध्यक्ष विचारात पडले. "साहेब, कडी मंचावर कशी देणार?"

सत्कार झाला नाही. आम्ही सुतार घेऊन गेलो.

शिक्षा झाली की आम्ही प्रकरण बंद झालं म्हणतो, आणि आमच्यापुरतं ते बंद होतंही. ज्यानं खबर दिली त्याला मात्र त्याच भागात बाजाराला जायचं असतं, त्याच नातेवाइकांच्या लग्नाच्या बातम्या दुसऱ्याकडून ऐकायच्या असतात, आणि शिक्षा संपून कुणीतरी परत येणार हे रोज लक्षात ठेवायचं असतं. शौर्य म्हणून आपण ज्याचे फलक लावतो, ते बहुतेकदा असं भीत भीत जगणंच असतं. त्याला टाळ्यांचा उपयोग नसतो. ही गोष्ट मी त्या मुलीकडून शिकलो, आणि पुढे कुणाकडूनही खबर घेताना आधी त्याच्या घराचं दार पाहून यायचो.

कडी बसल्यावर तिनं आम्हाला बाहेर काढलं आणि आतून लावून घेतली.

"ढकला," ती आतून म्हणाली.

हवालदारबाईंनी खांदा लावून ढकललं. दार हललं नाही.

"असं न्हाई, ताई. जोरात. ते ढकलतील तसं."

मग आम्ही दोघांनी मिळून ढकललं.