सात नंबरला पाणी

आमच्या इन्चार्ज सिस्टरसमोर पेशंटला बेडच्या नंबरानं हाक मारायची सोय नव्हती. लगेच डाफरायच्या, “नंबर काय म्हणतीस? कुणाची तरी माय हाय ती!”

वॉर्डात एकीला कांजिण्या निघाल्या. ज्या नर्सेसना त्या पूर्वी झाल्या नव्हत्या, त्यांना सिस्टरनी घरी बसवलं. त्यांनाही झाल्या नव्हत्या, म्हणून स्वतःचीही ड्यूटी बंद केली. नेमकी त्यांची आई तेव्हा आमच्याच वॉर्डात सातव्या बेडवर भरती होती, लई थकलेली. सिस्टर रोज दौलताबादहून स्कूटीवर येऊन खिडकीबाहेर उभ्या राहायच्या.

“मास्क लावून या की आत, कोण बघतंय?” मी म्हटलं.

“घरी बसवलेल्या पोरींना काय तोंड दाखवू?”

काल म्हातारीनं पाण्यासाठी हात उचलला. बाहेरून सिस्टर ओरडल्या, “सात नंबरला पाणी दे!”

मी हादरलेच. पाणी पाजून वळले, तर त्या खिडकीकडं पाठ करून उभ्या होत्या.