हिंदुराव सरांचा हात

खेळ चालू असताना हिंदुराव सर चेंडूकडे बघत नसत. आमच्या घरामागेच मैदान आहे. गच्चीवर वाळवण राखत बसले असताना एकदा हे माझ्या लक्षात आलं. चेंडू जाईल तिकडे सगळ्यांच्या माना वळायच्या, आणि सर मात्र भलतीकडेच तोंड करून उभे. मला नवल वाटायचं. फुटबॉलचा कोच, आणि चेंडूच बघत नाही?

सर आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि त्या संघांवरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. सर मूळचे वरच्या तालमीचे. तिथे ते पोरवयापासून खेळले. पुढे गोव्यात एका कंपनीच्या संघात पगारावर नऊ वर्षं खेळले. गुडघा गेला तेव्हा परत आले. वरच्या तालमीनं त्यांना कोच व्हा म्हटलं, पण कुणाला खेळवायचं हे तिथली जुनी माणसं ठरवणार होती. सर नाही म्हणाले. आमच्या खालच्या तालमीनं त्यांना मोकळीक दिली, आणि ते आमच्याकडे आले. त्यांच्या थोरल्या भावानं त्याच दिवशी सांगितलं, "खालच्यास्नी शिकवणार असशील तर हितं जेवायला येऊ नगंस." मग आमची खोली आणि माझ्या हातचं जेवण. माझे मालक तालमीच्या कमिटीत आहेत, त्यांनीच हे ठरवलं.

मी फारशी कुणाशी बोलत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, मग चूल आणि शिलाई मशीन. पण सर जेवताना आपल्याशीच बोलल्यासारखे बोलत, ते ऐकायला मला आवडायचं. रस्सा भुरकून म्हणायचे, "गोव्यात मासं खाऊन जीभ खारी झालती वहिनी. आता कुठं माणसात आलो." खेळाडूंवर ओरडायचे ते तर गच्चीपर्यंत यायचं. "आरं, चेंडूला लाथ घालाय गाढवाला बी येतंय! कुणाला द्यायचा ते बघ की!"

एकदा जिन्यात भेटले तेव्हा त्यांनीच विचारलं, "वहिनी, रोज गच्चीवरनं काय बघताय?"

"चेंडू," मी खाली बघत म्हणाले.

"चेंडू मैदानातलं कुत्रं बी बघतंय. एक माणूस धरा. धा मिनिटं त्येच्यावरनं नजर काढायची न्हाय. मग कळतंय खेळ कुठं चाललाय."

मी गोलकीपर धरला. चेंडू लांब पलीकडे असायचा, तेव्हाही हा एका जागी उभा नसायचा. दोन पावलं पुढे, एक मागे, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं. देवाचं नाव घेतो की शिव्या देतो, मला कळेना. चार दिवस हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. शेवटी ताट वाढताना धीर करून विचारलं. सरांचा घास हातातच राहिला. "मोजतोय त्यो. आपली किती माणसं म्हागं हायत ते. मीच शिकवलंय. आवो, तुमचे मालक वीस वर्सं मॅच बघत्यात, त्यांनी कधी इचारलं न्हाय!" मालक शेजारीच जेवत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

यंदा स्पर्धेची फायनल आली ती नेमकी वरच्या आणि खालच्या तालमीची. मी पहिल्यांदाच मैदानात जाऊन बसले, बायकांच्या बाजूला. कुणाला धरायचं याचा विचार केला आणि सरांनाच धरलं. ज्यांनी त्यांना मोठं केलं त्यांच्याविरुद्ध उभं राहताना माणसाचं काय होतं, हे मला बघायचं होतं.

दुसऱ्या हाफमध्ये वरच्या तालमीच्या एका खेळाडूनं आमच्या तिघांच्या मधून चेंडू काढून दिला. सुईत दोरा जावा तसा. सरांचा उजवा हात वर गेला. त्यानंतर पुढचा खेळाडू धावला, त्यानं चेंडू मारला आणि गोल झाला. वरच्या पेठेची माणसं नाचायला लागली. सरांचा हात तसाच वर होता. मग त्यांना स्वतःलाच तो दिसला असावा. त्यांनी तो खाली घेतला आणि खिशात घातला.

त्या एका गोलानं आम्ही हरलो. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला. वरच्यांचा गोल, आणि खालच्यांच्या कोचचा हात वर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कमिटी आमच्या सोप्यात बसली. सरांना कोच ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय. मी चहा घेऊन गेले. एक जण म्हणत होता, "काय पावणं, भाकरी आमची आन् हात त्यांचा व्हय?" सर भिंतीला टेकून उभे होते. मी कपांची ताटली खाली ठेवली.

"हात गोलाच्या आधी उठला," मी म्हणाले.

मालक म्हणाले, "तू आत जा."

"थांब रं," तालमीचे अध्यक्ष आप्पा म्हणाले. "बोल बाई."

"पास गेला तवा हात उठला. गोल मागनं झाला. माझी नजर सरांवरच हुती."

आप्पांनी व्हिडिओ पुन्हा लावला, डोळ्यांजवळ धरून बघितला. "व्हय की. चांगल्या पासला हात उठतोय माणसाचा. ह्यात काय गुन्हा न्हाय." सगळे जरा सैल बसले. मालकांनी चहा घेतला. मला वाटलं, मिटलं.

तेवढ्यात सर म्हणाले, "वहिनी बोलल्या ते खरं हाय. हात पासलाच उठला. पण गोल झाल्यावर मी त्यो खाली घ्यायला पायजे हुता. न्हाय घेतला. तेवढा येळ त्यो वरच्या तालमीचा हुता."

सगळे एकदमच बोलायला लागले. सरांना काढायचं ठरलं. माझ्या मालकांनीही होच म्हटलं.

दुपारी ताट घेऊन वर गेले तर सर बॅग भरत होते. मला त्यांचा राग आला होता. एवढ्या पुरुषांपुढे मी जन्मात पहिल्यांदा बोलले, आणि ते त्यांनी वाया घालवलं.

"आप्पांनी ऐकलं हुतं. तुमी गप का न्हाय बसला?"

"पेनल्टी मिळत हुती वहिनी," ते म्हणाले. "पण मला कुणी पाडलंच न्हवतं." मला समजलं नाही हे बघून त्यांनी बॅग बाजूला ठेवली. "काय काय खेळाडू धक्का न लागता पडत्यात. शिट्टी वाजली की फुकटचा गोल. असल्या दोघांना मी संघातनं घालवलंय. आता मीच पडू व्हय?"

मग ते जेवायला बसले आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

सर आता आजऱ्याला एका शाळेतल्या मुलींना शिकवतात. माझे मालक एक रविवार आड गोलकीपरला मोटरसायकलवर मागे बसवून तिकडे जातात. विचारलं तर म्हणतात, "काजू चांगलं मिळत्यात तिथं." आमच्या घरात काजू कुणी फारसं खात नाही. फडताळात पाच डबे भरले आहेत. परवा आल्यावर त्यांनी सहावा माझ्या हातात दिला, आणि मी काही विचारलं नसताना म्हणाले, "गुडघा बरा हाय त्यांचा."

मी डब्यासाठी फडताळात जागा केली.