नदीचं मस्टर

"हा गोल म्हणजे नदी गैरहजर," डॉरथी म्हणाली आणि वही माझ्याकडे सरकवली.

पेन्सिल्व्हेनियातली ब्लँकेटची जुनी गिरणी, २००४चा ऑक्टोबर. मी टेक्सासमधल्या शुगर लँडहून एनर्जी ऑडिटला गेलो होतो. म्हणजे कारखान्याची वीज कुठून येते, किती भरवशाची आहे, ते तपासायला. इथली वीज नदीची. तळघरात टर्बाइन, म्हणजे पाण्याने फिरणारं चाक. डॉरथी ते तीस वर्षं सांभाळत होती. पाणी कमी पडलं, की त्या तारखेला गोल. मी मनातल्या मनात त्या वहीला नदीचं मस्टर म्हणू लागलो.

खिडकीबाहेर धुकं. पायाखालची फळी बारीक थरथरायची. वाटायचं, अख्खी गिरणी माणसांसकट हळूहळू वाहत निघालीय. दोन दिवस मी त्या गुंगीतच आकडे उतरवले. निघताना डॉरथीने वहीच्या पानांच्या कॉपी काढून दिल्या.

जेवताना मी विचारलं, नदी फुकट असताना पहिल्या कारखानदारांनी वाफेची इंजिनं का घेतली? ती म्हणाली, पाणी आटायचं, गोठायचं. वाऱ्याचा तर नेमच नाही. "पण खरं कारण कामाला लागणारी माणसं. ती शहरात होती. कोळसा शहरात नेता येतो. नदी नेता येत नाही."

परत आल्यावर बॉस जोगळेकरांनी केबिनमध्ये बोलावलं. मालकांना गिरणी टेक्सासला हलवायची होती, गॅसवर. इथे मजूर स्वस्त, युनियन नाही. पण तसं उघड म्हणायची सोय नव्हती.

"नदी बेभरवशाची आहे, असं लिही."

"सर, ती तशी नाहीये."

"लिही रे. नदी काय कोर्टात जाणारे?"

माझं ग्रीन कार्ड कंपनीच्या हातात होतं. वहीतल्या दहा वर्षांत दुष्काळाचं वर्ष एकच, गोलांनी भरलेलं. मी तेवढंच 'टिपिकल इयर' म्हणून घेतलं, म्हणजे सगळ्या वर्षांचा नमुना. एकही आकडा खोटा नव्हता.

मार्चमध्ये गिरणी बंद झाली. डॉरथीचा फोन आला. रिपोर्ट तिने वाचला होता.

"बाकीची पानं हरवली का?"

मी हो म्हणालो.

"मग परत कॉपी काढून पाठवते."

आणि पाठवल्या. मी पाकीट न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकलं. पुढच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, तेही त्याच ड्रॉवरमध्ये ठेवलं. अजून दुपारी एसीच्या घरघरीत डोळा लागला, की पायाखाली ती फळी थरथरते.

आता कुणाच्याही ऑडिटमध्ये 'टिपिकल इयर' दिसलं, की मी उरलेली पानं मागवतो. ऑफिसात म्हणतात, माणूस फार काटेकोर आहे.