कडा सारख्या पाहिजेत

जगात सुटा कागद म्हणून काही राहूच द्यायचा नाही, असा पण करून जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा व्याही आहे. राहात्याला त्यांची पेरूची बाग आहे. बाग मुलाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या, हाती सोपवल्यावर त्यांच्या वयाची माणसं देवळाच्या पारावर बसतात, नाहीतर गावच्या राजकारणात पडतात. आमच्या व्याह्यांनी मोबाईलवर घरच्या घरी पुस्तक बांधायचा व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दाभण, दोरा, पुठ्ठे घेऊन ओसरीवर ठाण मांडलं. तेव्हापासून त्या घरात कागद आला की तो शिवला जातो. लग्नपत्रिकांचा एक जाडजूड ग्रंथ आहे. त्यातल्या काही जोडप्यांची मुलं आता स्वतः लग्नाला आली आहेत. औषधांच्या खोक्यांतून निघणाऱ्या घडीच्या कागदांचाही एक खंड आहे, आणि कुणाला ताप आला की व्याही तो मोठ्या आदरानं उघडतात. एकदा मी त्यांच्याकडे वाचता वाचता ठेवलेलं वर्तमानपत्र अंघोळ करून येईपर्यंत शिवलं गेलं होतं. राहिलेली बातमी मला मान वाकडी करून शिवणीच्या पोटातून उकरून काढावी लागली.

पुस्तक बांधायला खळ लागते आणि खळीला मैदा. त्यामुळे विहीणबाईंनी शंकरपाळ्यांसाठी आणलेला मैदा डब्यात टिकत नाही. "दिवाळी तोंडावर आली आन् ह्यांनी माझ्या मैद्याची पुस्तकं केली," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. खळ लावल्यावर पुस्तकाला दाब लागतो. व्याह्यांकडे त्यासाठी यंत्र नाही, पाहुणे आहेत. ओसरीवर एक फळी असते, फळीखाली ओलं पुस्तक असतं आणि आलेल्या माणसाला मोठ्या अगत्यानं त्या फळीवर बसवलं जातं. माणूस बारीक असेल तर चहावर भागतं. मी अंगानं भरलेला असल्यानं मला जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. "बसा पाव्हणं, हलू नका. तुमच्यावानी दाब आख्ख्या तालुक्यात कुनाचा न्हाई," असं ते इतक्या जिव्हाळ्यानं म्हणतात की पाय झोपी गेला तरी मला उठवत नाही.

पण त्यांचा खरा जीव कडांवर. पानांच्या कडा एका रेषेत दिसल्या पाहिजेत म्हणून ते चांभाराकडून कातडं कापायची रापी घेऊन आले. आयुष्यभर पेरूची छाटणी केलेला हात तो. वाढलेलं काही दिसलं की तो थांबत नाही. "छाटल्याबिगर फळ धरत न्हाई," हे ते झाडाविषयी बोलतायत की पुस्तकाविषयी, ते बरेचदा कळत नाही.

या हातानंच घात केला. माझ्या पत्नीनं मुलीच्या लग्नात तिला स्वतःच्या हातानं लिहून दिलेली स्वयंपाकाची सुटी पानं होती. पत्नी गेल्यानंतर मुलीला त्या पानांचं मोल फार वाटू लागलं. हाताळून ती फाटायला आली, तेव्हा तिनं विश्वासानं सासऱ्यांच्या हाती दिली. "मामा, आईचं पुस्तक करून द्या," म्हणाली. व्याही हरखले. त्यांनी पानं जुळवली, लोखंडी पट्टी ठेवली आणि उजवी कडा रापीनं सरळ केली. आता माझी पत्नी कागद वाया जाऊ नये म्हणून थेट काठापर्यंत लिहायची. डावीकडे जिन्नस, उजवीकडे अगदी काठाला माप. पुस्तक शिवायला घेतलं तेव्हा व्याह्यांच्या लक्षात आलं की काळ्या मसाल्यात धने आहेत, पण किती ते नाही. आमटीत तिखट आहे, किती ते नाही. मीठ तर कुठल्याच पदार्थाला उरलं नव्हतं. कातरण शोधायला ते धावले, तर विहीणबाईंनी ती बंब पेटवायला वापरलेली.

मुलीनं ती पानं पाहिली. नुसती आत गेली, आणि तेच त्यांना सोसवलं नाही. मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येईना. "पाव्हणं, गेलेल्या मानसाचं अक्षर कापलं मी. आता सूनबाईला तोंड कसं दाखवू?" दाभण-दोरा माळ्यावर गेला. घरात सुटे कागद मोकाट फिरू लागले.

आणि मग एका गुरुवारी ते बेलापूरला माझ्या दारात उभे राहिले. हातात डबा, कानावर पेन्सिल. डब्यात आमटी होती. "तुमची जीभच आता ऱ्हायली. खाऊन सांगा, त्यांच्यावानी झाली का?" मी एकटा पडल्यापासून खानावळीच्या डब्यावर होतो, आणि जिभेचं काम बंदच पडल्यासारखं होतं. तरी चाखली. तिखट जास्त होतं. व्याह्यांनी टिपून घेतलं. पुढच्या गुरुवारी तीच आमटी पुन्हा आली. तेव्हापासून हे सुरू झालं. विहीणबाई आणि माझी मुलगी चमच्यानं मोजून करायच्या, व्याही आणायचे, मी चाखायचा. "गुरुवारी समदं जग शिर्डीकडं येतं, मंग तिकडनं निघनाऱ्या गाडीत बसायला जागा लई," असं ते म्हणायचे. माप जमलं की कापलेल्या काठाला नव्या कागदाची पट्टी चिकटवून त्यावर ते लिहायचे. मुलगी फोनवर हसून बोलू लागली. मीही बुधवारपासूनच उद्या काय येणार म्हणून वाट पाहू लागलो, हे कबूल करायला हरकत नाही.

सगळ्यात शेवटी आले हुलग्याचे शेंगोळे, आणि तेही दोन डब्यांत, पहिल्यात लसूण कमी, दुसऱ्यात जास्त. व्याह्यांनी पान पुढे धरलं. शेवटची ओळ होती, "यांना आवडतो म्हणून लसूण", आणि पुढे रापी फिरलेली.

"कमी का जास्त, पाव्हणं?"

"मला ठाऊक नाही."

"आवं, जल्मभर खाल्लंत की!"

ताटात येईल ते मी खात आलो होतो. त्यातलं काही माझ्यासाठी वेगळं मोजलं जात होतं, हे मला त्या कापलेल्या ओळीनं पहिल्यांदा सांगितलं. मी पहिला डबा चाखला. चांगला होता. दुसऱ्यातला घास तोंडात गेला आणि मला वाटलं, ती आत चुलीपाशी आहे. मी आणखी एक घास घेतला. व्याही पेन्सिल धरून वाट पाहत राहिले.

"जास्त," मी म्हणालो.

त्यांनी पट्टीवर सावकाश लिहिलं, "जास्त." मग पिशवीतून दाभण आणि दोरा काढला. "समदी मापं झाली. शिवून टाकू का आता? सूनबाई वाट बगतीया."

पुस्तक पुरं झालं की गुरुवार संपले, एवढंच मला दिसत होतं. व्याही माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो दुसरा डबा माझ्यापुढे सरकवला.

"शिवलं म्हनून काय झालं? गुरुवारी मी येनारच हाय. डबा घिऊनच येनार. व्हय म्हना."

मी व्हय म्हटलं. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि दाभणाचं नेढं उजेडाकडे धरलं.