सोंगाड्याने उचललेली चटई

लाफाएले खांद्यावर अळकुड्यांचे पोते घेऊन रस्त्याने निघाला की फातुलेले गावातल्या बायका आधीच हसू लागायच्या.

"अगं, अजून तोंडसुद्धा उघडलं नाही मी!" तो म्हणायचा.

त्यावर त्या आणखी हसायच्या. पन्नाशी उलटलेला, ढेरपोट्या, एका पायाने किंचित फेंगडा. मताईपद, म्हणजे घराण्याचे प्रमुखपद, त्याला कधी मिळाले नाही. गावच्या सभेत मताई खांबांना टेकून बसत आणि लाफाएले मागे चुलीपाशी दगड तापवत बसे. पण सण आला, पाहुणे आले, की मैदानाच्या मधोमध तोच असायचा. बायकोचा झगा घालायचा, छातीला नारळाच्या करवंट्या बांधायचा, केसांत जास्वंद खोचायचा. मग ज्या मताईंना तो एरवी मान खाली घालून कावा या मुळांच्या पेयाने भरलेली वाटी द्यायचा, त्यांच्याच टकलांवर टिचक्या मारायचा. कोणी रागवायचे नाही. रागावणे हीच नाचक्की होती.

सामोआत या खेळाला भुतांचे घर म्हणतात. जुनी माणसे मानायची की सोंगाड्याच्या अंगात पूर्वजाचे भूत येते, तेच त्याच्या तोंडून बोलते. भुताला दंड कोण करणार? पुढे पाद्री आले. त्यांनी गावोगावची भुते हाकलली, पण खेळ काही हाकलता आला नाही. तो आता चर्चच्याच अंगणात होतो. भूत गेले, त्याची मुभा तेवढी राहिली.

ही मुभा लाफाएलेला आजोबांकडून मिळाली. आजोबांनी म्हणे एका जर्मन व्यापाऱ्याचे सोंग त्याच्याच पुढ्यात काढले होते. तो खोबरे तोलताना तराजूच्या पारड्यावर अंगठा दाबायचा. आजोबांनी अख्खा हत्तीएवढा अंगठा केला, केळीच्या खुंटाचा. व्यापारी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि आजोबांना तंबाखू दिली.

"मग दुसऱ्या दिवसापासून बरोबर तोलायला लागला?" लहानपणी लाफाएले विचारायचा.

"छे रे. पण तंबाखू झकास होती," आजोबा म्हणायचे.

ही गोष्ट ऐकून लाफाएले हसायचा. त्यात हसण्यासारखे काय होते, हा विचार त्याने तिमो जाईपर्यंत केला नाही.

तिमो त्याचा धाकटा. पंधराव्या वर्षी फुएओलाच्या ट्रकमधून पडून गेला. फुएओला म्हणजे गावातला सगळ्यात मोठा मताई. चर्चचे नवे छप्पर त्यानेच दिलेले. ट्रक त्याचा, चालवणारा त्याचा भाचा मोसे, आणि मोसेच्या पोटात घरी गाळलेली दारू. शहरातून पोलीस आला, अपघात म्हणून लिहून घेऊन गेला. मोसेला महिन्याच्या आत ऑकलंडला पाठवून दिले.

पोलिसाचे लाफाएलेला काही पडले नव्हते. त्याला इफोंगा हवा होता. माणूस मेला की मारणाऱ्याच्या घरच्या मोठ्या माणसाने पहाटे मेलेल्याच्या दारात येऊन बसायचे, डोक्यावरून बारीक विणीची चटई पांघरून, मान खाली घालून. घरातल्यांनी बाहेर येऊन चटई उचलली, तर माफी झाली. नाही उचलली, तर तो उन्हात बसून राहील. त्या बसण्यातच सगळे येते: हो, आम्ही मारला.

फुएओला आला नाही. मयताला आला, इतर सगळ्यांसारखा, डबाबंद मांसाची खोकी आणि चटया घेऊन. मोठे भाषण केले. "पोरगं ट्रकच्या फळीवर बसलं होतं," जाताना म्हणाला, "पोरं ऐकतात कुठं?"

लाफाएलेची बायको सालोते वर्षभर पहाटे उठून दाराच्या पडद्याच्या चटया वर गुंडाळत राहिली. कोणी येऊन बसले असेल तर दिसावे म्हणून.

मग छपराच्या समारंभाचे ठरले. उपोलू बेटावरून पाहुणे येणार होते. लाफाएलेला खेळ सांगितला गेला. त्याने तो चुलीपाशी बसून, आठवडाभर कोणाशी न बोलता रचला. एक म्हातारी आहे. मताईच्या ट्रकखाली तिचे डुक्कर सापडते. ती म्हणते, इफोंगा झालाच पाहिजे. मताई म्हणतो, डुक्करच फळीवर बसलं होतं.

सालोतेने ऐकले आणि हातातला खोबऱ्याचा कीस तसाच टाकला.

"माझ्या पोराला डुक्कर केलंस?"

"डुक्कर केल्याशिवाय ते हसणार नाहीत. आणि हसल्याशिवाय ऐकणार नाहीत."

"आणि ऐकून काय करतील?"

"पाहुण्यांसमोर त्याची लाज निघेल. मग येईल तो. यावंच लागेल."

सालोते सांडलेला कीस गोळा करू लागली. पण झगा तिनेच काढून दिला, इस्त्री करून.

समारंभाच्या दिवशी जेवणे आटोपली, ऊन कलले आणि ढोल वाजला. लाफाएले म्हातारी होऊन आला तेव्हाच अर्धे मैदान लोळले. मताईचे सोंग त्याचा जोडीदार सेफोने घेतले होते. पोटाला उशी, हातात माशा हाकलायचा झुपका, चाल अगदी फुएओलाची. डुक्कर मेले. म्हातारीने छाती पिटली, एक करवंटी निसटून पाहुण्यांच्या पाद्र्यापुढे गडगडत गेली.

"ठेव बाबा तुझ्याकडे," म्हातारी म्हणाली, "प्रवचनाला लागेल."

पाद्री ठसक्याने लाल झाला. मग सेफो म्हणाला, "अगं म्हातारे, डुक्करच फळीवर बसलं होतं. डुकरं ऐकतात कुठं?"

हसणे एकदम कमी झाले. गावातल्या लोकांनी माना खाली घातल्या. पाहुण्यांना काही कळले नाही, पण काहीतरी आहे एवढे कळले. त्यांनी फुएओलाकडे पाहिले. लाफाएलेनेही पाहिले. वर्षभरात पहिल्यांदा त्या माणसाचा चेहरा उघडा पडला होता, आणि लाफाएलेला वाटले, झाले. लागले.

फुएओला उठला. धिप्पाड माणूस, उठायला वेळ लागला. चालत मैदानात आला आणि इफोंगाच्या सोंगासाठी सेफोने आणलेली झोपायची जुनी चटई त्याने काढून घेतली.

"सरक. तुला धड वाकतासुद्धा येत नाही," तो म्हणाला. "मताईसारखं वाकायचं तर मताईचं पोट लागतं."

आणि धपकन गुडघ्यांवर बसून त्याने चटई डोक्यावर ओढून घेतली.

मैदान फुटले. पाहुणे एकमेकांच्या पाठी बडवू लागले. बायकांनी कौतुकाच्या रीतीप्रमाणे पावडरचे डबे आणून दोघांवर उधळले. इतका मोठा मताई, इतका दिलदार! असे कोणी कधी पाहिले नव्हते.

लाफाएले त्या चटईपुढे उभा होता. ज्याच्यासाठी वर्षभर दारातले पडदे गुंडाळले, ते त्याच्या पायाशी होते. तो खाली वाकला. लोकांना वाटले, म्हातारी कान लावून ऐकते आहे. ते हसले.

"नाव घे," लाफाएले हळूच म्हणाला. "माझ्या पोराचं नाव घे."

चटईखालून घरघर ऐकू आली. "उचल लवकर. घाम येतोय मला."

"नाव घे."

"लाफा, शहाणा असशील तर उचल. लोक थांबलेत."

खरेच थांबले होते. हसणे ओसरत ओसरत कडेच्या पोरांपर्यंत येऊन विरले होते, आणि ती शांतता लाफाएलेला चांगली ओळखीची होती. चाळीस वर्षे तो याच शांततेवर जगला होता. ती एक श्वास टिकली तर सोने, दोन श्वास टिकली तर माती. तिसऱ्या श्वासाला खेळ मेला. त्याने विचार केला नाही. विचार करायला वेळच नसतो. हात आपोआप पुढे गेला, त्याने चटईचा कोपरा चिमटीत धरून उचलला, आत डोकावून पाहिले आणि किंचाळला,

"अगं बाई! सापडलं माझं डुक्कर!"

त्या दिवसाचे हसणे उपोलूत अजून सांगतात. एक म्हातारा हसता हसता बाकावरून पडला. फुएओलाने उठून लाफाएलेला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून लाफाएलेला सालोते दिसली. ती पाठ फिरवून घराकडे चालली होती.

सोमवारी सभा भरली. लाफाएले चुलीपाशी न थांबता पुढे गेला, कडेच्या खांबापाशी मांडी घालून बसला आणि त्याने बोलायची परवानगी मागितली. दोन-तीन जण आधीच हसू दाबत होते.

"माझ्या मुलाचा इफोंगा राहिलाय," तो म्हणाला.

गावच्या वतीने बोलणारा मताई म्हातारा होता, वाईट माणूस नव्हता. त्याने हातातली दोरी वळायचे थांबवले.

"राहिलाय? अरे, शनिवारी काय झालं मग? अख्ख्या गावानं पाहिलं. पाहुण्यांनी पाहिलं."

"ते सोंग होतं."

"तुझं सोंग होतं, बाबा. फुएओलाचं कुठं होतं? झगा तू घातला होतास. तो स्वतःच आला, स्वतःच्या गुडघ्यांवर बसला."

"डुकरासाठी बसला!"

कोणीतरी फिसकन हसले. म्हाताऱ्याने तिकडे डोळे वटारले, मग मऊ आवाजात म्हणाला, "डुक्कर कोण होतं ते आम्हाला काय कळलं नाही का, लाफा? सगळ्यांना कळलं. त्यालाही कळलं, म्हणूनच तो उठला. आणि चटई कोणी उचलली? तुझाच हात होता ना?"

लाफाएलेने आपल्या हाताकडे पाहिले. सभेत तेवढ्यावरही हसू आले.

"उचललेली चटई परत घालायची नसते," म्हातारा म्हणाला. "ते पाप आहे. जा आता, दगड तापले का बघ."

घरी सालोते पाने विणत बसली होती. सभेत काय झाले ते तिने विचारले नाही.

"तुला हसू आवरलं नाही," ती म्हणाली.

"मी एकदाही हसलो नाही, सालोते."

"तुझं नाही. त्यांचं. त्यांचं हसू सोडवलं नाही तुला. जरा वेळ गप्प उभा राहिला असतास, तर बसला असता की तो तसाच उन्हात."

दुसऱ्या दिवसापासून तिने दारातल्या चटया वर गुंडाळणे बंद केले. बाईचे सोंग आता तो बहिणीच्या झग्यात काढतो.

कारण सोंग बंद झाले नाही. पाहुण्यांचा निरोप आला: ते डुकराचे आमच्याकडे करा. फुएओला स्वतः निरोप घेऊन लाफाएलेच्या दारात आला, दोन्ही पायांवर, हसत. "जायचं ना आपण?" नाही म्हणणे म्हणजे झालेली माफी मोडणे. लाफाएले गेला. बोटीत फुएओलाने आपल्या डब्यातले भाजलेले मासे त्याला दिले, त्याने ते खाल्ले. पुढे आणखी गावांतून बोलावणी आली. फुएओलाला खेळाची गोडी लागली आहे. चटईखाली बसून तो मोठ्याने विचारतो, "डुकराचं नाव काय होतं म्हणालीस, म्हातारे?" आणि गावेच्या गावे लोळतात.

लाफाएले उत्तर देत नाही. तो चटईपुढे बसतो. हात पुढे नेतो, मागे घेतो, डोके खाजवतो, वारा घेतो. खाली जाड मानेचा माणूस घामाघूम होत असतो, त्याचे श्वास ऐकू येतात. एक श्वास, दोन, तीन. खेळ मेला तर मरो म्हणून तो थांबतो, दर गावात मागच्या गावापेक्षा जास्त. पण खेळ मरत नाही. लोकांना आता शेवट ठाऊक असतो, त्यामुळे तो जितका थांबतो तितके ते जास्त हसतात, आणि उचल, उचल म्हणून ओरडू लागतात.