पिशवीसकट लावलेली झाडं

आमच्या घरचा धंदा झाडं भाड्यानं देण्याचा होता. लग्नाच्या हॉलला कुंड्या देतात तसा नव्हे. आम्ही बिल्डरांना झाडं द्यायचो, सरकारी तपासणीपुरती.

मी सदाशिव पेठेत दोन खोल्यांत वाढले आणि लग्न होऊन शहराच्या कडेच्या गावात आले. ते गाव नुकतंच महापालिकेच्या हद्दीत घेतलं होतं. सासरची बरीचशी जमीन आयटी पार्कात गेली होती. रस्त्याकडेला उरलेल्या तुकड्यावर सासूबाईंनी नर्सरी काढली. पूर्वी त्या याच मातीतली मेथी-कोथिंबीर मंडईला पाठवायच्या, आता काळ्या पिशव्यांत बकुळ, ताम्हण, कडुनिंब वाढवायच्या. झाड माणसाएवढं झालं की ते मोठ्या गोणीत हलवायचं, मग ते भाड्यानं जायला तयार.

इमारतीच्या आवारात ठरलेली झाडं लावल्याशिवाय बिल्डरला काम पुरं झाल्याचा दाखला मिळत नसे. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, कायदा चांगलाच होता. पण झाड लावलं की त्याला पाणी द्यावं लागतं, आणि त्याच्या जागेत एक मोटार उभी राहू शकत नाही. बिल्डरांचं गणित आपल्यापेक्षा बरं असतं. आमचा ठरलेला टेम्पो यायचा, झाडं न्यायचा. खड्ड्यात गोणीसकट ठेवून वर माती लोटायचे. महापालिकेचे साहेब येऊन बघायचे, फोटो निघायचा, आणि झाडं आमच्याकडे परत. पुढच्या इमारतीला पुन्हा तीच. आमचा एक बकुळ तर निम्म्या पुण्यात लावून झाला होता. त्याची मुळं गोणीतल्या गोणीत फिरून दोरखंडासारखी पिळली होती.

सासूबाईंना हे पटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. घर त्यावर चालत होतं. फक्त झाडं परत आली की त्या एकेकाला स्वतः झारीनं पाणी घालायच्या, आणि तेवढा वेळ कोणाशी बोलायच्या नाहीत.

एका उन्हाळ्यात आमच्या फाटकाजवळच्या जांभळावर खिळे मारून नोटीस लावली. आयटी पार्काच्या बसगाड्या अडकत होत्या, म्हणून रस्ता रुंद होणार होता. माझे सासरे तरुणपणीच गेले तेव्हा या झाडाची जांभळं विकून सासूबाईंनी पोरांची शाळा चालवली होती. त्यांना बाकी काही नको होतं. "रस्ता घ्या, भिंत घ्या, नर्सरीबी घ्या अर्धी, पर ह्याला हात लावू नका," एवढंच त्यांचं म्हणणं. हरकत घेण्याची सोय होती, म्हणून मी अर्ज लिहिला आणि आम्ही दोघी सुनावणीला गेलो.

टेबलापलीकडे तेच साहेब. इतकी वर्षं बिल्डरांच्या आवारात आमची झाडं तपासणारे.

"अहो आजी, आपल्याला विकास नको का?" ते म्हणाले. "एका जांभळाच्या बदल्यात आम्ही कितीतरी नवी झाडं लावणार आहोत. तसा नियमच आहे."

"कुठनं आननार झाडं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते ठेकेदार बघेल."

"मंग आमच्याकडनंच न्हेनार की."

साहेबांनी चहा मागवला. आम्हाला नव्हे, स्वतःला. हरकत फेटाळल्याचं पत्र मात्र वेळेवर आलं. या शहरात ती एक गोष्ट कधी उशिरा येत नाही.

जांभूळ सकाळी तोडायला घेतलं आणि जेवणवेळेपर्यंत रस्ता मोकळा झाला. सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. मला इतका संताप आला की तो आजही गेलेला नाही.

थोड्याच दिवसांत ठेकेदार आला. येरवड्याच्या पलीकडे एका मोकळ्या जागेत बदल्याची झाडं दाखवायची होती. अर्थात भाड्यानं. मला वाटलं, सासूबाई त्याला हाकलून देतील. त्या आत गेल्या आणि एक रोप घेऊन आल्या. त्याच जांभळाच्या बीचं, गुडघ्याच्या वर आलेलं.

"बाकीची घेऊन जा. पर हे भाड्याचं न्हाय. हे मी माझ्या हातानं लावनार."

"लावा की आजी, आपल्याला काय!" ठेकेदार म्हणाला.

आम्ही टेम्पोतून गेलो. बाकीची झाडं गोण्यांसकट खड्ड्यात उभी केली जात होती. सासूबाईंनी कडेला एक जागा निवडली. विळ्यानं पिशवी फाडली, मुळं मोकळी केली, खाली शेणखत घातलं, माती पायानं दाबली. येताना त्या वाटभर बोलत होत्या. "जांभळं धरायला लई वर्सं लागतील. मी नसंन, पर कुनीतरी खाईल," असं दोनदा म्हणाल्या. त्यांना इतकं खुशीत मी क्वचितच पाहिलं होतं.

तपासणी झाली आणि टेम्पो परत आला. हमालांनी एकेक गोणी उतरवली. शेवटी ड्रायव्हरनं मागच्या कोपऱ्यातून जांभळाचं रोप काढून माझ्या हातात दिलं. मुख्य मूळ मधोमध तुटलं होतं, पानं कोमेजून लोंबत होती.

"वहिनी, ह्याला पिशवीच नव्हती हो," तो ओशाळून म्हणाला. "ओढताना तुटलं. माझ्या टेम्पोच्या भाड्यातनं कापून घ्या."

मी त्याच्यावर तोंड सोडलं. मनात साचलेलं सगळं त्याच्यावर ओतलं.

सासूबाईंनी माझ्या हातातून रोप काढून घेतलं.

"त्याला कशापायी बोलती? लावल्यालं झाड परत आनायचं, हे आपुनच शिकवलं त्याला."

मग झारी भरून त्या परत आलेल्या झाडांना पाणी घालायला गेल्या.