हैदराबादला गेलेलं पोरगं

निकाल लागायच्या आधीच आबांनी गावभर पेढे वाटले. आमचे वडील असेच. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. "पोरगं हैदराबादला कॉलेजात चाललं," असं पार लोहा गावच्या बाजारापर्यंत सांगून आले. निकाल लागला तर मी मॅट्रिक पास, पण गणितात इतके कमी गुण की कॉलेजवाले दारातसुद्धा उभं करणार न्हाईत.

दोष माझाच. निजामाचं राज्य, नांदेडची शाळा उर्दूतून. पण घरी गणितं मी मराठीतच सोडवायचो. उर्दूची वही उजवीकडून उघडते, मराठीची डावीकडून. परीक्षेत घाई झाली. उत्तरांची वही मी घरच्यासारखी उघडली अन् भूमितीचे दोन मोठे प्रश्न लिहून टाकले. मग लक्षात आलं. वही फिरवली, उरलेलं सगळं उजवीकडून लिहिलं. मधे कोरी पानं राहिली. तपासणारा तिथंच थांबला असणार. सगळ्यात चांगली सोडवलेली गणितं मागं तशीच पडून राहिली.

आता गावाला काय तोंड दाखवायचं? आबांनी तोड काढली. हैदराबादच्या नावानं मला घरातून काढलं अन् लातूरला उतरवलं. तिथं त्यांच्या ओळखीच्या आडत्याच्या दुकानामागं एक खोली, अन् शिकवायला एक म्हातारे मौलवीसाहेब. "पुढल्या वर्षी परत बस, गुण आण, मग खरंच हैदराबादला जा. तोवर गावाकडं फिरकायचं न्हाई," आबा म्हणाले. मायलासुद्धा त्यांनी खरं सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही म्हणे. स्वतःला पेढ्यांपुरताही दम निघाला नव्हता, ते सोडा.

मौलवीसाहेब रोज सकाळी बंद वही माझ्यापुढं ठेवायचे. "खोलो, बेटा." मी उजवीकडून उघडली की मगच गणित. पहिले आठ दिवस मला याचा राग आला. मग दिवसात कुणीतरी आपल्याशी बोलतंय, याचंच बरं वाटायला लागलं. तासाभरानं ते जायचे. उरलेला दिवस मी, चार भिंती अन् पोत्यांचा वास. नांदेडच्या शाळेतली सोबतची पोरं केव्हाच हैदराबादला गेली होती. मी आबांना पत्र लिहायचो, ते मायला हैदराबादचं म्हणून वाचून दाखवायचे. एकटेपणानं इतका कावलो होतो की पाढे मोठ्यानं म्हणायचो, खोलीत नुसता आवाज व्हावा म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावचा एक शेतकरी दुकानात माल घेऊन आला. मी पोत्यांआड लपलो. हात लांबवला असता तर त्याच्या धोतराला लागला असता. माय कशी हाय, एवढंच मला विचारायचं होतं. "आमच्या गावचं एक पोरगं हैदराबादला शिकून राहिलंय," असं त्यानं आडत्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, भाव ठरवला अन् गेला. त्या दिवशी मी रडलो. त्यात लपवायचं काय.

पुढल्या वर्षी नांदेडला परत परीक्षेला बसलो. वही पुढं आली तेव्हा आधी दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग उजवीकडून उघडली. गुण आले, चांगले भरपूर आले. कॉलेजात जागा मिळाली, अन् जायच्या आधी चार दिवस घरी यायची आबांची परवानगीही.

मायनं धपाटे वाढले. मी खाऊन राहिलो, ती बघून राहिली.

"लई वाळलास," ती म्हणाली. "दिवाळीला तुझ्यासाठी धपाटे बांधून ठेवले होते. पण हैदराबादला कोण जातंय आपलं? लातूरला जरी असतास तर कुणाच्याबी हातानं धाडले असते. मीच आले असते."

आबा खाली मान घालून जेवत होते.

"हाव माय," मी म्हणालो. "हैदराबाद लई लांब हाय."